पालघटेपुढचा कॅमेरा

“लगीन कोनाचा?”

ढोल कुठेही वाजो, तिचा पहिला प्रश्न हाच. पालघरच्या बाजारात निवडणुकीची मिरवणूक आली, तेव्हाही डोक्यावरची टोपली उतरवून तिने उमेदवाराला हेच विचारले होते. रानभाजी विकणारी ती म्हातारी तुम्हीही पाहिली असेल. ती वारल्यांची धवलेरी होती. लग्नात गाऊन देवीला बोलावणारी, लग्न लावणारी. मी निवृत्त संस्कृत शिक्षक. तिच्या मंत्रांना मी ‘लोकगीते’ म्हणत असे.

एकदा बोईसरजवळच्या पाड्यावर परदेशी चित्रपटाची मंडळी उतरली. त्यांनी ‘सल्लागार’ म्हटल्याबरोबर मी सुखावलो. कथा नंतर वाचली. जंगलातली क्रूर देवी नवरीचा बळी मागते आणि एक गोरा डॉक्टर नवरीला सोडवतो! पालघट ही कणगीत दाणा आणि कुशीत मूल घालणारी देवी. तिच्या तोंडी रक्त लावण्याच्या उद्योगाला ते ‘संशोधन’ म्हणत होते.

पाड्यातल्या सवाष्णींकडून त्यांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढवून घेतला, मधोमध पालघट. बायका बिचकत होत्या. मीच म्हणालो, “प्राणप्रतिष्ठेवाचून हे केवळ चित्र आहे.”

मग धवलेरीला गायला आणले. चौक पाहून ती थबकली. “लगीन कोनाचा?”

मुंबईचा सहायक हसला. “माँजी, शादी नकली है. बस दो मिनट गाना है.”

“नकली? मंग हिला कशाला बोलवली?” ती माझ्याकडे वळली. “गुरुजी, तुमचा देव मंतर बोलल्यावर येतो. आमची काढली का आली. आता लगीन न लावता रिकामी धाडली, तर पाड्यावर एक लेकरू धड राहायचा नाय.”

आणि ती तरातरा बाहेर गेली. कॅमेरा चालूच होता.

परतली ती एका जोडप्याला घेऊन. पंचवीस वर्षे एकत्र नांदलेले, पण लग्न लावायचे राहून गेलेले. वारल्यांत असे पुष्कळांचे राहते, सवड झाली की लावतात. नवऱ्याचे पुढचे दात पडलेले. नवरी लाजून म्हणाली, “आता काय गो आये, मला नातू हाय!”

“मंग त्यालाबी बसव. वऱ्हाडी कमीच हायेत.”

दिग्दर्शकाने त्या बोळक्या नवरदेवाकडे पाहून नाक मुरडले आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. कॅमेऱ्यावर कापड पडले. ज्या देवीसाठी सात समुद्र ओलांडून आले, ती आली तेव्हा हे महाभाग तंबूत पाव चावत होते.

मी चपला काढून मागे बसलो. तिने गाऊन लग्न लावले. शब्द थोडेच कळले. अक्षता मीही टाकल्या.

चित्रपट यायच्या आधीच ती गेली. माझ्या नातीने मला तो दाखवला. गाण्याच्या जागी कुठल्याशा परमुलुखातले किंचाळणे चिकटवले आहे. धवलेरी एकदाच दिसते, पाठमोरी, दाराबाहेर घाईने जाताना. तिथे निवेदक सांगतो, देवीच्या भयाने म्हातारी पळाली.

ती पळाली नव्हती. देवी येऊन बसली होती आणि समोर नवरानवरी नव्हती. त्यांना आणायला ती गेली होती.