आधी जेवून घे

"जेवलीस काय गो?" असं काकीने विचारलं की आमच्या आळीत भलेभले हातातलं काम तिथेच टाकायचे. तुमच्याकडे हा प्रश्न मायेचा असेल. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होता, कुणीतरी गेलं.

श्रीवर्धनच्या या आळीत मी सून म्हणून आले तेव्हा टेलिफोन फक्त काकीच्या पडवीत होता. मुंबई-पनवेलला गेलेल्या सगळ्यांनी तोच नंबर घेऊन ठेवलेला. फोन वाजला की काकी सुपारीच्या बागेच्या कडेला येऊन कुकारा घालायची आणि ज्याचं त्याचं माणूस धावत सुटायचं. बारसं, नोकरी, चुकलेली एसटी, सगळं ती ओरडूनच सांगायची. फोन एकाला आला तरी बातमी अख्ख्या आळीला कळायची.

मरणाची बातमी मात्र तिने कधी ओरडून सांगितली नाही. पदर खोचून ती स्वतः चालत यायची आणि दारातूनच विचारायची. जेवण व्हायचं असलं तर समोर बसून जेवायला लावायची. हात धुऊन झाले की मग सांगायची.

घरात मरण कळलं की चूल पेटत नाही. काकी लग्न होऊन आली त्या वर्षी सासरे मुंबईत वारल्याची तार आली ती ऐन जेवणाच्या वेळी. पोरांच्या पुढची भरली ताटं उचलली गेली आणि दिवस भरत आलेली थोरली जाऊ उपाशीपोटी रडत बसली. ते काकीच्या डोळ्यांपुढून गेलंच नाही. "रडायला पण पोटात कायतरी लागतं," ती म्हणायची.

सगळ्यांना हे पटायचं असं नाही. पलीकडच्या एका गृहस्थांना तिने भाऊ गेल्याचं सांगण्याआधी बोंबलाचं कालवण खाऊ दिलं. सुतकात मला मासे खायला घातलेस म्हणून ते हमरीतुमरीवर आले आणि पुढे कितीतरी महिने तिच्याशी बोलले नाहीत. काकीचं म्हणणं, सुतक ऐकल्यापासून लागतं, आणि केव्हा ऐकवायचं ते फोन घेणाऱ्याने ठरवायचं. भटजींना विचारलं तर तेही घोटाळ्यात पडले. एकदा तर लग्नाच्या मांडवात तिने नवरीच्या बापाला आपलं सहज विचारलं, जेवलात काय म्हणून. तो बिचारा मटकन खाली बसला. त्याला पाणी पाजून समजूत घालावी लागली.

पुढे घरोघरी मोबाईल आले. मग वादळात सुपाऱ्यांबरोबर टेलिफोनचे खांबही आडवे झाले आणि तारा परत कुणी ओढल्याच नाहीत. काकीचा एकुलता एक मुलगा उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. त्याने तिला बटणांचा मोबाईल आणून दिला. काकीने तो जुन्या फोनच्या जागी, त्याच स्टुलावर, त्याच भरतकामाच्या रुमालाखाली ठेवला. फोन कनवटीला लावून फिरायला मी काय पोस्टमन हाय, असं तिने मुलाला सुनावलं. दर महिन्याचा रिचार्ज तोच तिकडून मारायचा. तिला हा प्रकार मुळीच पटला नव्हता. जुन्या फोनचं बिल थकलं तरी येणारे फोन येत राहायचे. इथे दुसऱ्याने बोलायचं तरी पैसे आपण भरायचे.

त्याच सुमारास शेजारच्या सुनेला तिची आई गेल्याचं मोबाईलवर कळलं. मासळी साफ करत होती ती. खवल्यांनी भरलेले हात तसेच घेऊन दुपारभर ओट्यावर बसून राहिली. काकी तिच्याकडे गेली, पण तिने सांगावं असं काही उरलंच नव्हतं. परत येताना मला म्हणाली, "मोबाईलाला कुठं कळतंय, माणूस जेवलंय का न्हाय."

आणि एके दिवशी काकीचाच फोन मुका झाला. येणारे फोनही बंद. प्लॅन संपला होता. मी म्हटलं, काकी, थांब, आत्ता माझ्या मोबाईलवरून रिचार्ज मारते. तिने माझा हात धरला.

"नको. तो मारील. तू मारलास तर तो इसरला का आनखी काय झालं, मला कसं कळायचं?"

विसरणारा मुलगा नव्हता तो. मी त्याला फोन लावला तर बंद. मग उरणला काकीच्या सुनेला लावला. तिने उचलला आणि गाडी घेऊन लांब गेलेत, रेंज नसेल, असं घाईघाईने म्हणाली. मी काकीला तेच सांगितलं. ती ऐकून घेऊन सुपारी सोलत राहिली.

खरं तर ट्रेलर उलटून तो हॉस्पिटलात पडला होता. बरा झाला की सांगू, असं सुनेने ठरवलं होतं. तो बरा झाला नाही. काकीचा फोन लागत नाही म्हणून सुनेचा फोन मला आला. "वहिनी, तुमीच सांगा," एवढंच ती बोलू शकली.

आमच्या घरापासून काकीच्या पडवीपर्यंत मी कशी गेले ते मला ठाऊक नाही. काय बोलायचं ते वाटेत हजारदा जुळवलं. दारात गेल्यावर तोंडातून निघालं ते तिचंच.

"काकी, जेवलीस काय?"

तिचा हात सुपारीवर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग स्टुलाकडे. उठली, भात आणि कुळथाची पिठी वाढून घेतली आणि जेवायला बसली. घास पाण्याबरोबर ढकलत होती, पण पानात शीत ठेवलं नाही. ती लोकांच्या समोर बसायची तशी मी तिच्या समोर बसले होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग तिने हात धुतले, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांच्यावर पाणी मारलं.

"हां," ती म्हणाली. "आता सांग."

दिवस झाल्यावर सुनेने तिला उरणला नेलं. पडवीला कुलूप लागलं. काकी पुन्हा आळीत आली नाही, तिकडेच गेली. बातमी आली ती आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तिच्या फोटोसकट, भर जेवणाच्या वेळी, सगळ्यांच्या मोबाईलवर एकदमच. शेजारच्या घरात कुणीतरी ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मीही नुकतीच बसले होते. पहिला घास हातातच होता.