चौथी नव्हती म्हणून

कुणाचं सांत्वन करणं मेंढीकोटकाकूंना अजिबात जमायचं नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत कुणाचं काहीही मोडो, हाड किंवा लग्न, काकू चौकशीला जायच्या, दिलेला चहा प्यायच्या आणि निघताना विचारायच्या, "मग दुपारी बसायला येताय ना?" बसायला म्हणजे पत्ते खेळायला. तळमजल्यावर त्यांच्याकडे रोज दुपारी मेंढीकोटाचा डाव पडायचा. दोन जोड्या, चार माणसं, आणि चारही दश्श्या पटकावण्यासाठी महायुद्ध. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुरिअरवाल्याखेरीज कुणी वाचलं नसावं. आता काकू नाहीत, ती पाटीही नाही.

माझी नोकरी गेली त्या उन्हाळ्यात मी त्यांच्या तावडीत सापडले. कंपनीने एका व्हिडिओ कॉलवर आम्हाला "फार मोलाची माणसं" म्हटलं, आणि कॉल संपतो न संपतो तोच माझा लॅपटॉप तिकडूनच बंद करून टाकला. मेल्यांनी निदान गुडबाय लिहायला तरी वेळ द्यायचा! मग मी अंथरूण धरलं. आपण असलो काय नि नसलो काय, कुणाला काही फरक पडत नाही, हे एकच डोक्यात. आईने "भाजी कुठली करू?" विचारलं तरी मला रडू फुटायचं. बिचारी शेवटी न विचारता दुधी करायला लागली, आणि मग दुधी बघून रडू यायचं.

एक दिवस काकू थेट माझ्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"ताप आहे?"

"नाही."

"मग ऊठ. साठे गेलीय अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणाला. चौथी नाहीये."

"काकू, मला नाही येत पत्ते. मला काहीच येत नाही. मी कशाच्याच उपयोगाची नाहीये." एवढं बोलून मी हमसाहमशी रडायला लागले.

काकूंनी माझं रडं जरा ओसरू दिलं. मग म्हणाल्या, "तेरा पत्ते हातात धरता येतील ना?"

धरता येत होते. त्यापलीकडे मात्र आनंदच होता. समोर काकू, माझ्या भिडू. डाव्या-उजव्या हाताला शहाभाभी आणि कुलकर्णीबाई. पहिल्याच डावात मी काकूंचा एक्का हुकमाने कापला. "अगं ए, मी तुझ्याच बाजूची आहे!" काकू ओरडल्या. "शत्रू शेजारी बसलेत!" मी म्हटलं, "सॉरी काकू, मी मूर्खच आहे." "असशील. उतारी कुणाची?"

एकदा मी म्हणाले, "माझ्याइतकं नालायक जगात कुणी नसेल." काकू पत्ते पिसता पिसता थांबल्या. "जगात? अगं, या बिल्डिंगमध्ये तुझा पहिला नंबर लागायचा नाही. आपला सेक्रेटरी बघ. एक लिफ्ट सरळ चालवता येत नाही त्याला, पण कसा मजेत हिंडतो!" मला रागही आला आणि हसूही. नालायकपणातसुद्धा आपण पहिल्या नाही म्हटल्यावर रडायचं तरी कशाच्या जोरावर?

एका मुलाखतीचा नकार नेमका डाव चालू असताना मोबाईलवर आला. माझे डोळे भरले, हात खाली गेले. कुलकर्णीबाई "बिचारी पोर" म्हणून पाठीवर हात फिरवायला लागल्या, तशा काकू कडाडल्या, "रड गं हवं तेवढं, पण पत्ते छातीशी धरून रड! भाभीला तुझी दश्शी दिसतेय!"

मी पत्ते छातीशी धरून रडले. दश्शी वाचली.

तरी मला पक्का संशय होता, की हे सगळं दयेपोटी चाललंय, आईनेच त्यांना सांगून ठेवलं असणार. म्हणून एका दुपारी मुद्दाम गेले नाही. लिफ्ट बंद होती. काकू दुखरे गुडघे घेऊन तीन मजले चढून आल्या आणि दारातच धापा टाकत माझ्यावर कावल्या, "तिघींत काय खेळायचं गं? पाच-तीन-दोन? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दया करणारं माणूस इतकं चिडत नाही. मी मुकाट्याने चपला घातल्या.

पावसाळा सरता सरता मला नोकरी लागली. पेढे घेऊन तळमजल्यावर गेले. भाभींनी मिठी मारली, बाईंनी आशीर्वाद दिला. काकूंचा मात्र चेहरा उतरला.

"दुपारचं असतं का हे ऑफिस?"

"सकाळी जायचं, रात्री यायचं."

"वा! तुझी सोय झाली. आमचं काय?"

"साठेकाकू येतील की आता."

"साठे? तिच्या हातात दश्शी आली की ती गालात हसते. सगळ्या गावाला कळतं!"

"पण मी तरी कुठे चांगली खेळते?"

"चांगली कोण म्हणतंय? भिकार खेळतेस. पण तुझी सवय झालीय ना आता मला!"

आणि त्या तरातरा स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला. मी पेढा घेऊन दाराशी गेले, तर "ठेव तिकडे" म्हणाल्या, वळूनसुद्धा पाहिलं नाही. भाभी मला डोळ्यांनी खुणावत होत्या, जा म्हणून, होतील शांत.

मी जिन्यात येऊन उभी राहिले. आत भांडी आपटत होती आणि मला इतका आनंद झाला होता, की घरी जाववेना. माझ्या जाण्याचा कुणाला एवढा राग येईल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.