बैलगाडीतले प्रमुख पाहुणे

मी कधीच तोंड उघडत नसे, म्हणून मला अर्थमंत्री केलं. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी बी.ए.च्या वर्गाचं एक राज्यच केलं होतं. राज्याला विधानसभा होती, दरवर्षीचा अर्थसंकल्प होता आणि सरांनी स्वतः लिहिलेली घटना होती. मंत्री निवडायची वेळ आली तेव्हा मुलं म्हणाली, "हिला करा, सर. ही कोणाकडे पैसे मागणार नाही." सरांना ते पटलं.

घटना कडक होती. कर माणशी एक रुपया, वर एक पैसा नाही. खर्च गेल्या वर्षीपेक्षा जास्त नाही, आणि तोही तीनच बाबींवर: चहापान, पुष्पहार आणि प्रमुख पाहुण्यांचा प्रवासखर्च. यात काही बदलायचं तर दोनतृतीयांश मतं हवीत.

"सरकारला मोकळं सोडलं की ते उधळतं," सर म्हणायचे. "घटनेत आहे ते होईल. नाही ते होणार नाही."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. कॉलेजचा नळ सकाळी थोडा वेळ खोकायचा आणि गप्प व्हायचा. मुलांचं काही अडत नव्हतं. फाटकासमोरच्या हॉटेलात एक चहा घेतला की पाणी हवं तेवढं मिळायचं. मुलींनी हॉटेलात बसणं म्हणजे दिवे लागायच्या आत नगरभर बातमी. म्हणून आम्ही घरून पाणी पिऊन यायचो आणि घरी गेल्यावरच पुन्हा प्यायचो. मी गावातच राहायचे, मला ते जमून जायचं. पण माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण तिसगावहून एसटीने यायची. पहाटे निघायची, दिवेलागणीला घरी पोचायची. एका दुपारी तास चालू असताना ती बसल्या जागी कलंडली.

ही बातमी तिच्या घरी गेली. वडील म्हणाले, "प्यायला पानी न्हाई तिथं कसलं शिक्षान? महिनाअखेरपातुर सोय झाली तर बघू. न्हाईतर ऱ्हा घरी."

आम्ही विधानसभेत 'पाणी' ही चौथी बाब मागितली. एक मुलगा उठला. "त्यासाठी कर वाढणार का? मग आमचा विरोध."

दुसरा बसूनच म्हणाला, "मुलींनी घरून कळशी आणावी."

"आनते की," तिसगावची म्हणाली, "तुज्या डोक्यावर ठिवून. एसटीत जागा न्हाई."

हशा झाला आणि ठराव पडला. मुली होतोच किती!

त्या आठवड्यात मी घटना वाचून काढली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. सरांचं भारदस्त मराठी मला ओळीवर बोट ठेवूनच वाचावं लागे. बाकीच्यांना ते सहज येत होतं, त्यामुळे कोणी वाचलंच नव्हतं. प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून द्यावा, त्यांना हार घालावा, त्यांनी तासभर भाषण करावं, सर्व सभासदांनी हजर राहावं, असं सगळं कलमात होतं. पाहुणे कोण असावेत आणि किती वेळा बोलवावेत, एवढं मात्र नव्हतं. आणि मागच्या वर्षी पाहुणे थेट मुंबईहून आल्यामुळे प्रवासखर्चाची मर्यादा चांगली ऐसपैस होती.

मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'नागापूरकडून पाण्याची गाडी आणतात ते मामा भाषण करतील का?' आणि ती शेजारी सरकवली.

तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं. "दिसतीस गरीब गाय, पन लई बाराची हायेस गं."

मामांशी बोलणी तिनेच केली. मी बैलांच्या मागे उभी होते.

"भाषन? आनि मी?" मामा म्हणाले. "कशावर?"

"पान्यावर."

"ते तर न्हाईच की."

"मग न्हाई त्यावर बोला."

"हार घालनार का?"

"घालनार. गाडीभाडंबी देनार. पन मामा, पाव्हना काय रिकाम्या हातानं येतो व्हय?"

मामांना रीत समजली. "एक पिंप आनतो," ते म्हणाले.

मंजुरीचा कागद मी सरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "हे प्रवासखर्चात बसतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आणि हे पिंप?"

"पाहुण्यांची भेट आहे, सर," मैत्रीण शहरी मराठीत म्हणाली. "भेटीवर कर नाही."

सरांनी स्वतःचीच घटना उघडली, बराच वेळ चाळली आणि सही केली. ते मिशीत हसले असावेत, पण मी खात्री देणार नाही.

मामा स्वच्छ फेटा बांधून आले. सरांनी त्यांचा परिचय 'जलपुरवठ्याच्या क्षेत्रातील अनुभवी व्यक्तिमत्त्व' असा करून दिला. झेंडूचा हार गळ्यात पडला आणि मामा बोलायला लागले. विहिरीच्या मालकाचा चिकटपणा, नागापूरच्या चढावर बसकण मारणारा डावा बैल, सासुरवाडीचं भांडण. मुलं पोट धरून हसली. लेडीज रूममधला रांजण काठोकाठ भरला.

दोन दिवसांनी मामा पुन्हा आले. पुन्हा तोच मालक, तोच बैल, तीच सासुरवाडी. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांना व्यासपीठाची चांगलीच सवय झाली होती. "ए लाल शर्ट, निजला काय? सांग बरं, माज्या बैलाचं नाव काय?" लाल शर्टला सांगता आलं नाही, म्हणून मामांनी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मुलांची चहाची वेळ दर खेपेला यातच जायला लागली.

शेवटी मुलांनीच घटनादुरुस्ती आणली. पाहुणे बंद करावेत आणि पाणी ही बाब घालावी. नुसते पाहुणे बंद केले तर आम्ही दुसरी पळवाट शोधू, हे त्यांना कळलं होतं.

"पाणी रोज आणायचं तर कर वाढवावा लागेल," सर म्हणाले.

"कर नाही वाढवायचा," मुलं म्हणाली.

"अर्थमंत्र्यांचं काय मत आहे?"

मी उभी राहिले. बाकाची कड घट्ट धरली होती. प्रवासखर्चात जेमतेम एका खेपेपुरते पैसे उरले होते. हे फक्त मला माहीत होतं. कोणी ते विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची मला सवय नव्हती.

"कर नको असेल तर राहू दे," मी म्हणाले. "मामा सोमवारी येणारच आहेत. या वेळी बैलांच्या पोटदुखीवर सविस्तर बोलतो म्हणाले."

आधी लाल शर्टचा हात वर गेला. मग बाकीचे. कर दीड रुपया झाला, पाण्याची बाब घटनेत आली. सरांनी निकाल वाचला तेव्हा मी अजून उभीच होते. मैत्रिणीने ओढणी ओढून मला खाली बसवलं.

महिना संपायच्या सुमारास तिचे वडील नगरला बाजाराला आले आणि तिथून कॉलेजात. लेडीज रूमच्या दारात ते पाठ करून उभे राहिले, आत बघेनात. तिने रांजणातून तांब्या भरून दिला. त्यांनी वरून धार धरून तो सबंध संपवला.

"मचूळ हाय," ते म्हणाले.



त्यांनी तांब्या पुन्हा पुढे केला. "आनखी आन. आनि आटप लवकर, एसटी जाईल. उद्या पुना पहाटं उठायचंय तुला."