स्वयंपाकघराची जागा

पुसदच्या एका खाजगी शाळेत मी गणित शिकवतो. पगार सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मला मोबाईलवरच्या व्हिडिओंचा नाद लागला. खिशात फार नसलं तरी जमिनीच्या धंद्यात उतरता येतं, असं त्यात कोटवाले लोक हसून सांगायचे. मला ते लगेच पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं.

आमच्याकडे त्याचा सोपा रस्ता म्हणजे इसार. प्लॉटच्या मालकाला थोडी रक्कम देऊन इसारपावती करायची, बाकीचे पैसे द्यायला सहा महिन्यांची मुदत मागायची आणि तेवढ्यात जास्त भावाचं गिऱ्हाईक शोधायचं. मालक थेट त्या गिऱ्हाइकाच्या नावानं खरेदी करून देतो, मधला फरक आपला. यात बेकायदा काही नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. अजूनही सांगून पाहतो.

माझी स्कूटर एका चाचांकडे दुरुस्तीला असायची. गावाबाहेरच्या लेआउटमध्ये त्यांनी शेजारशेजारचे दोन प्लॉट घेऊन ठेवले होते. एकावर दोन खोल्या बांधून नवराबायको राहायचे. दुसरा विकून त्यांना गॅरेजवर पक्कं छत टाकायचं होतं.

"गोडाऊनवाला आलता, सर," एकदा प्लग साफ करता करता ते म्हणाले. "नगदी देऊन राह्यलता, भावबी जास्त. मी नाई म्हटलं. दिवसभर ट्रक उभे राह्यतीन, अन् आमची घरी एकटीच असते. मले शेजार पाह्यजे. घरसंसारवाला."

चाचांना पैशापेक्षा शेजार हवा होता, आणि शेजार देणं मला फुकटात जमणार होतं.

"चाचा, आमालेच घर बांधाचं हाय," मी म्हटलं. तोपर्यंत हे वाक्य माझ्या मनातही आलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बायकोला घेऊन प्लॉट पाहायला गेलो. आम्ही भाड्यानं राहतो. ही बाई घरमालकिणीलाही पाहुण्यांचा आकडा खरा सांगते आणि मग पाण्यावरून बोलणी खाते. खोटं तिला येतच नाही. म्हणून सगळा बेत सांगून मी तिला बजावलं होतं, "नुसती सोबत चाल. बोलू नको."

ती नाराजीनंच आली आणि गप्प उभी राहिली. चाचींना वाटलं, लाजते आहे. त्यांनी तिचा हात धरला, मोकळ्या प्लॉटवर नेलं आणि पावलं टाकत खोल्या मोजायला सुरुवात केली. "किचन आमच्या बाजूनं ठेवजा. खिडकीतून बोलता येते."

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ओटा त्या भिंतीले घेतला तं सकाळचं ऊन येईन." चपलेच्या टोकानं तिनं मातीत ओट्याची रेघ मारली. मग खिडकीची. मी बोलू नको म्हटलेली बाई अर्धा तास बोलत होती. चाचा त्या दोघींकडे पाहत होते. त्यांनी भाव आपणहून कमी केला आणि सहाऐवजी आठ महिन्यांची मुदत दिली.

परत येताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, "खरंच बांधू ना आपण."

मी हसलो. "कोणाच्या पैशानं?"

त्या हसण्याची मला आज लाज वाटते. खोटं बोलल्याची वाटते त्याहून जास्त.

इसारपावतीत मी एक ओळ घालायला लावली होती, की खरेदी आम्ही सांगू त्याच्या नावानं करून द्यावी. लिहिणारा वाचून दाखवू लागला तेव्हा चाचांनी त्याला थांबवलं. "सरांनी पाह्यलं ना? बस." आणि सही केली.

सहा महिने कोणीच फिरकलं नाही. मग दलालामार्फत गिऱ्हाईक आलं ते नेमका तोच गोडाऊनवाला. मी फार विचार केला, असं लिहायला आवडलं असतं. पण समोरचा चहा संपायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो होतो.

खरेदीच्या दिवशी चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून रजिस्ट्रीच्या कचेरीत आले. त्यांची नखं मी पहिल्यांदाच स्वच्छ पाहिली. हातात ऑइलचा रिकामा डबा होता आणि त्यात कढीपत्त्याचं रोप.

"भाभी नाई आल्या? आमचीनं देल्लं हे. किचनच्या मांगं लावजा म्हणे."

मी भिंतीवरच्या नोटिसांकडे पाहत म्हटलं, "चाचा, खरेदी दुसऱ्याच्या नावानं हाय. पावतीत लिवलं हाय तसं."

तेवढ्यात झेरॉक्स घेऊन गोडाऊनवाला आला. चाचांनी त्याला ओळखलं. ते ओरडतील म्हणून मी घरून उत्तरं तयार करून नेली होती. ती सगळी वाया गेली.

"तुमी नाई राह्यत का मंग?" एवढंच त्यांनी विचारलं.

"जमलं नाई, चाचा."

त्यांनी मान हलवली. आत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसले, अंगठा दिला. राजीखुशीनं देता ना, असं साहेबांनी विचारलं तेव्हा एकदा माझ्याकडे पाहून हो म्हणाले. बाहेर आल्यावर डबा माझ्या हातात दिला. "भाभीले देजा. झाड तं लावजा कुठंबी."

मी तो घरी नेला नाही. नेला असता तर चाचांना काय सांगितलं, ते काय म्हणाले, सगळं सांगावं लागलं असतं. कचेरीच्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांमागे डबा सरकवला आणि कोणी पाहिलं का ते पाहून घेतलं. घरी म्हटलं, "झालं काम." मधल्या फरकातून दुसऱ्या प्लॉटचा इसार दिला. स्कूटर आता लांबच्या गॅरेजला नेतो, तीही वळसा घालून.

मागच्या महिन्यात बायको भाजीबाजारातून आली. पिशवी ठेवली, पण भाजी काढली नाही.

"चाची भेटल्या," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"गोडाऊनचं काई नाई बोलल्या. झाड लागलं का, असं विचारून राह्यल्या होत्या."

मी पिशवीतली भाजी काढायला घेतली.

"मी म्हटलं, लागलं. चांगलं वाढून राह्यलं."

ती माझ्यासमोर येऊन बसली. आवाज चढलेला नव्हता.

"आता सांगा. कोणतं झाड?"