रस्त्याला पाणी

आमच्या गल्लीत परवा काँक्रीटचा रस्ता झाला. ओलं राहिलं तरच काँक्रीट पक्कं होतं, म्हणून मजुरांनी त्यावर मातीचे बांध घालून वाफे केले आणि पाणी सोडलं. काल टँकर आलाच नाही. दुपारी वाफे सुकायला लागले, तशा समोरच्या मालूकाकू बादली घेऊन उतरल्या. महापालिकेच्या साहेबांना "घरपट्टी घेता, मग तुमचे रस्ते बघा जरा!" असं भर सभेत सुनावणाऱ्या त्या ह्याच.

"काकू, हे ठेकेदाराचं काम," मी गॅलरीतून म्हटलं.

"बिल निघालं की तो जाईल. चालायचंय आपल्याला. बादली आण."

मी उतरलो. मागोमाग आणखी दारं उघडली.

वर्षानुवर्षं भरलेली घरपट्टी कुठं जाते, कधी कळलं नव्हतं. बजेट, निविदा, नारळ असं सगळं फिरून ती आता दारात आली होती, आणि चक्क तहानलेली होती. एका वाफ्यात चिमण्या अंघोळ करत होत्या.

संध्याकाळी एक स्कूटरवाला आत शिरू लागला. काकू बादलीसकट आडव्या आल्या.

"मागून जा हो! आमचा रस्ता ओला आहे अजून."