इंजिनाचं भिताड

माझे बाबा डिचोलीत टॅक्सी चालवतात. काळी-पिवळी, जुनी, मागचा दरवाजा बाहेरून एकानं ढकलायचा आणि आतून दुसऱ्यानं ओढायचा, तेव्हा लागतो. मी दहावीत होते त्या वर्षी ती निळा धूर सोडायला लागली. साखळीच्या रस्त्याला मागच्या काचेतून काही दिसायचं नाही. स्टँडवरचे लोक ओरडायचे, "पात्रांव, जळार मारपाक भायर सरल्यात काय?" डास मारायची फवारणी म्हणजे आमची टॅक्सी. बाबा त्यांच्याबरोबर हसायचे. मी सीटवर खाली सरकायचे.

गोवा राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. टॅक्सी भरली की कोकणी की मराठी हा वाद सुरू व्हायचा. बाबा सिंधुदुर्गातून आलेले, ते त्यात कधी पडले नाहीत. "गिरायक दोनी भाशेत बसता," एवढंच म्हणायचे. आमच्या घरी मालवणी, शाळेत इंग्रजी, बाजारात कोकणी आणि देवळात गाऱ्हाण्याची आपली वेगळी बोली. मी सगळीकडे सारखीच गप्प असायचे. बोलायचं नसलं की ऐकू मात्र खूप येतं.

धुराचं कारण बाबांना माहीत होतं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन ज्या नळ्यांत वर-खाली करतो, त्या झिजल्या होत्या. झिजलेली नळी थोडी कोरून मोठी करायची आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा, याला बोअर मारणं म्हणतात. हे माप इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. आमचा ब्लॉक आधी वीसवर गेला होता, मग चाळीसवर. आता बाबांना साठ मारून हवा होता. जमलं तर गाडी आणखी काही वर्षं चालेल. ब्लॉक फुटला तर तो भंगारात आणि बाबा पुन्हा खाणीच्या ट्रकवर. ट्रकवर असताना ते आठवड्यातून एकदा घरी यायचे, लाल मातीनं माखलेले, आणि जेवता जेवता झोपायचे. आईला ते दिवस परत नको होते. मलाही नको होते.

एवढी मोठी गोष्ट असली की आमच्याकडे देवीला कौल लावतात. सर्वणला आमच्या घराजवळच्या देवळात मी बाबांबरोबर गेले. गुरवांनी मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि बाबांच्या वतीनं गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्या लेकरान ही गाडी ठेवची काय इकची, ह्येचो निवाडो दी." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी पडली, म्हणजे ठेवायची. बाबांनी डोळे मिटून हात जोडले. घरी येताना शीळ वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पिस्टनच्या खोक्यावरचं इंग्रजी वाचायला म्हणून बाबांनी मला गॅरेजवर नेलं. तिथले मेस्त, म्हणजे मिस्त्री, कोल्हापूरकडचे. इंजिन उघडून ब्लॉक त्यांनी आधीच बाकावर काढून ठेवला होता.

"साठ मारा मेस्तानू. देवीन उजवो कौल दिल्यान."

मेस्तांनी नळीतून बोट फिरवलं. "देवीला भिताड किती जाड हाय त्ये इचारलासा का?"

"थट्टा नको."

"थट्टा न्हाई वो. ह्या नळीच्या भायेर पाणी खेळतंय. तुम्ही आतनं कोरताय, गंज भायेरनं खातोय. मधल्या भिताडानं करायचं काय? रेडिएटरला पाणी कुठलं घालता?"

"खंयचाय. पेडण्याकडसून येताना दर्याकडच्या बांयचा."

"म्हंजे हिरीचं खारं पाणी. झालं मग!" मेस्त माझ्याकडे वळले. "बाळ, खडू हाय का गं? माजा सपला."

माझ्याकडे होता. शेजारच्या पोरांना मी पाढे शिकवायचे, त्यामुळे पिशवीत खडू असायचाच. मेस्तांनी नळ्या फडक्यानं कोरड्या केल्या आणि आतून खडू घासून पांढऱ्याशुभ्र केल्या. मग पाण्याच्या वाटा बंद करून, पाणी खेळतं त्या पोकळीत रॉकेल ओतलं. "आता बसा. भिताड धड असंल तर पांढरं ऱ्हाईल."

आम्ही समोरच्या हॉटेलात चहा आणि उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले. बाबा उंडा नुसताच कुस्करत होते. परत आलो तेव्हा तीन नळ्या पांढऱ्या होत्या. चौथ्या नळीत खालच्या बाजूला एक ओला ठिपका होता, डोळ्यांतलं काजळ पसरावं तसा. आम्ही बघत असतानाच तो वाढला.

"घाम फुटलाय तिला," मेस्त हळू म्हणाले. "ह्यात साठ मारला तर चढावर तापंल, पाणी आत येईल, इंजिन बसंल. मी न्हाई मारणार. दुसऱ्याकडं न्या, त्यो मारंल."

बाबा चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. "मगे देवीन कौल कित्याक दिल्यान?"

मला गाऱ्हाणं शब्दन् शब्द आठवत होतं. मोठ्यांच्या बोलण्यात मी तोंड घालत नसे, पण बाबांचा तो चेहरा मला बघवेना. मी ब्लॉककडे बघत म्हटलं, "बाबा, गुरवांनी गाडी ठेवची काय इकची, इतक्याच इचारल्यानी. साठाचा कोणी इचारूकच नाय."

मला वाटलं, आता ओरडा बसणार.

मेस्तांनी मांडीवर थाप मारली. "बघा! देवी म्हणती ठेव. ठेवायचा रस्ता मी सांगतो. लायनर घालू."

"लायनराक पण कोरूचाच लागतला. साठापेक्षा जास्त!"

"लागंल की. पण कोरून मोकळं सोडत न्हाई. आत नवी नळी घट्ट बसवायची. नवं भिताड उभं ऱ्हातंय, भोकसुद्धा बुजतंय. वर पिस्टन परत पहिल्या मापाचा. म्हातारीला पोरगी करून देतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शाबासकी दिली नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. तसं काही केलं असतं तर मी पुन्हा वर्षभर बोलले नसते. ते फक्त म्हणाले, "घाला लायनर."

गाडी परत आली तेव्हा मेस्तांनी बाबांना एकच अट घातली, दर्याकडचं पाणी बंद. तेव्हापासून सीटखाली आमच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन असतो. स्टँडवर डासांची चेष्टा थांबली. आता दरवाजाची करतात. बाबा रोज घरी जेवतात आणि जेवताना जागे असतात. त्या मेस्तांना साठ मारायचं नाकारून काय मिळालं, मला माहीत नाही. आम्हाला काय मिळालं ते मी रोज ताटावर बघते.

बाबा अजून कौल लावतात. माझ्या कॉलेजच्या वेळीही लावला. पण आता देवळाच्या पायऱ्या चढण्याआधी थांबतात, चपला काढता काढता मला म्हणतात, "गो बाय, मी काय इचारतंय ता नीट आयकून ठेव हां."

मी ऐकून ठेवते.