अफवेचा बंदोबस्त

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन काही बोलले नाही.

पण यंदा सिंगापूरच्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी फर्माईश आली : धंदे मंदावलेत, नाही नाही त्या अफवा उठताहेत, मन खंबीर कसं ठेवायचं यावर लिहा, आजी, तुम्ही किती पॉझिटिव्ह! नात इथल्या बोलीत म्हणाली, "जस्ट राइट लाह, आजी" — लिहून टाक गं. तर लिहिते. पचलं नाही तर छापू नका.

मागच्या मोठ्या मंदीतली गोष्ट. आम्ही क्लेमेंटीला राहायचो. नवरा जहाजावर इंजिनियर, सदा समुद्रावर. मी पन्नाशीची, रिकामी, आणि स्वतःला इथल्या तमाम मराठी बायकांची थोरली बहीण समजणारी. नवीन आलेल्या मुलीनं डाळ कुठून आणावी, डॉक्टर कोणता गाठावा, हे मला विचारावं. विचारायच्याही. माझ्या हॉलमध्ये रोज दरबार भरायचा.

मग वृंदानं आमच्या ब्लॉकखाली ब्लाउज शिवायचं दुकान काढलं. नाशिकची, माझ्याहून बरीच लहान. दुकान कसलं — दोन मशिनी, एक आरसा, एक पडदा. पण माप घेताना ती अशी काही बोलायची की बायका तिथेच रमायला लागल्या. माझा दरबार लिफ्टनं खाली उतरला. आणि बेतायची तरी कशी! माझ्या पाठीच्या वळ्या माझ्याच नवऱ्याला सापडू नयेत असं ब्लाउज. आरशात मी देखणी दिसायचे — आणि तिचा राग यायचा. असा राग कुणाला येतो का? मला यायचा.

मंदी आली. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यासोबत इथे राहायचे पास गेले, सतत कुणीतरी सामान बांधत असायचं. वृंदाचं गिऱ्हाईक घटलं. पण बाईचं तोंड उतरेल तर शपथ! "काळजीनं सगळ्या बारीक होणार, ताई, ब्लाउजं आत घ्यायला माझ्याकडेच येणार," म्हणून हसायची. तिचा नवरा तेव्हा घरी बसलेला. दुकान चाललं तरच ते इथे टिकणार होते. हे मला माहीत होतं. नीट ऐका — मला माहीत होतं.

एक दिवस भाजी निवडता निवडता मी शेजारणीला म्हटलं, "वृंदा दुकान बंद करतेय म्हणे." म्हणे! काय सोयीचा शब्द. कोण म्हणे? मीच म्हणे.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. थांबा जरा.

ते फिरत फिरत वृंदाच्या कानावर गेलं, आणि ती आली कुणाकडे? माझ्याकडे. "कुणीतरी उठवलंय, ताई. सगळ्यांचं भारी भारी कापड माझ्याकडे पडलंय. घाबरल्या तर परत मागतील. तुमचं ऐकतात सगळ्या, तुम्ही सांगा ना." मी तिच्या पाठीवर हात ठेवला, "निश्चिंत राहा," म्हटलं, आणि फोन घेऊन बसले. ज्यांनी ऐकलं होतं त्यांना सांगितलं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना तर आवर्जून. "वृंदाचं दुकान बंद होणार नाहीये हं! कापड अडकेल वगैरे मनात आणू नका." बेडोकपासून बुकित तिमाहपर्यंत एक घर सोडलं नाही. त्या फोनांत खोटं एक अक्षर नव्हतं. आवाजात फक्त थोडी काळजी घातली — फोडणीत हिंग घालतो तेवढीच.

शनिवारी दुकानात ही गर्दी! "सहज आले," "इकडे काम होतं" — स्पष्ट कुणी बोलेना. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वृंदाही. माझ्या एका वाक्याचं काम होतं. आणि मी म्हटलं काय? "वृंदा, माझं ते मोरपिशी सिल्क दे गं. घाई नाही, दिवाळीनंतर बघू."

तिनं कपाटातून काढून दिलं. खडूच्या खुणा झालेल्या, कात्री लागायची बाकी. मी ते पिशवीत टाकलं. मग काय — प्रत्येकीनं हात पुढे केला. वृंदा एकेकीच्या कापडाची नीट घडी घालून देत होती आणि "या हं पुन्हा" म्हणत होती. हसून. त्या हसण्याचासुद्धा मला हेवा वाटला. तिचं दुकान रिकामं होत होतं, आणि हेवा मला वाटत होता!

दिवाळीच्या आत दुकान गेलं. नाशिकला परतायच्या आधी ती घरी आली, वाकून नमस्कार केला. म्हणाली, "ताई, तुम्ही घरोघर फोन केलेत, मला कळलं. माझ्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून स्वतःचं कापडसुद्धा थांबवलंत." तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही? "अगं, त्यात काय एवढं," मी म्हटलं, आणि तोंड भरून आशीर्वाद दिला.

अजूनही कुणी नाशिकहून आलं की सांगतं : वृंदाताई म्हणतात, सिंगापुरात वाईट दिवसांत एकच बाई माझ्या बाजूनं उभी राहिली. मी "हो का?" म्हणते. आणि मला बरं वाटतं.